गाठ लशीची की सुईची?

परळला मी बत्तीस वर्षं मेंढ्या सांभाळल्या, असं सांगितलं की नवीन ओळखीचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मेंढ्या? परळला?" हो, परळलाच. एकीकडे केईएम, दुसरीकडे टाटा, फुटपाथवर चादरी अंथरून बसलेले पेशंटांचे नातेवाईक, आणि त्याच गर्दीत एका संस्थेच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड. शेडीत अकरा-बारा काळ्या दख्खनी मेंढ्या. बाहेर बसने हॉर्न मारला की आतून एखादी हमखास उत्तर द्यायची.

कागदोपत्री मी लॅब टेक्निशियन. मेंढ्या होत्या त्या रक्तासाठी. घशाचा स्वॅब किंवा जखमेतला पू ज्या तांबड्या बशीवर वाढवतात, ती ब्लड अगारची बशी. त्यातलं रक्त मेंढीचं असतं. माणसाचं चालत नाही, कारण त्यात आधीच अँटिबॉडी असतात, कुणी कालच अँटिबायोटिक घेतलेलं असतं. म्हणून मंगळवारी सकाळी आमचे मामा (शेडीवरचे अटेंडंट, सगळी संस्था त्यांना मामाच म्हणायची) मेंढी दोन गुडघ्यांत धरायचे, मी मानेची शीर अंगठ्याने दाबून सुई घालायची, आणि रक्त काचेच्या मण्यांच्या फ्लास्कमध्ये. मग फ्लास्क हलवत बसायचं. सुरुवातीला मणी खळखळ वाजतात. पाच-सात मिनिटांनी आवाज जड होतो, कारण रक्त गोठवणारे धागे मण्यांना चिकटलेले असतात. आवाज बसला की समजायचं, आता हे रक्त गोठत नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही शिकवलं, मामांच्या कानाने शिकवलं.

मेंढ्या रक्तासाठी असल्या तरी त्यांना लसी द्याव्याच लागत. तिथे आमचा एक नियम होता: डावी बाजू रक्ताला, उजवी लशीला. त्यामुळे दर आठवड्याला एकेका मेंढीची मान दोन्ही बाजूंनी माझ्या हाताखालून जायची. कुठल्या लशीची गाठ केवढी येते, किती दिवस राहते, कधी विरते, हे बोटांना पाठ झालं होतं.

हे सगळं आता आठवायचं कारण टिटवाळा.

माघी चतुर्थीची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं गणपतीला गेलो होतो. परतताना रिक्षाने थोडं आत जाऊन यावं म्हटलं, तर कापणी झालेल्या भातखाचरात धनगरांचा वाडा उतरलेला. घाटावरून माळशेज उतरून दिवाळीनंतर हे लोक खाली येतात, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसा घेतात आणि पावसाच्या आधी परत वर जातात. घोडी, कोंबड्या, जाळीच्या वाघुरात कोकरं, चुलीवर पातेलं. मला राहवलं नाही. एका मेंढीच्या मानेवर हात गेलाच. उजव्या बाजूला, कानापासून वीतभर खाली, सुपारीएवढी गाठ.

"लस कधी दिली?" मी विचारलं.

वाड्यातला कर्ता माणूस माझ्याकडे बघतच राहिला. पातळ नेसलेली, पायात चपला, हातात प्रसादाची पिशवी, आणि ही बाई लशीचं विचारतेय. मग म्हणाला, "बारा दिस झालं, ताई. खुरकूतची दिली. पर लस बाद व्हती. बगा की, समद्यांना गाठी आल्यात. दोन तर लंगडत हुती. आता फुडच्या वक्ताला मी न्हाई देऊ द्यायचा."

खुरकूत म्हणजे जनावरांच्या तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा रोग. आमच्या ह्यांनी घड्याळ बघितलं. मी खाली बसले.

त्याला जे सांगितलं ते इथे जरा ऐसपैस लिहिते.

सुई टोचली की शरीराला दोन गोष्टी कळतात. एक, कातडी फाटली. दुसरी, आत काहीतरी परकं आलंय. तासाभरातच तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, जागा गरम लागते. आधी धावून येतात त्या अल्पायुषी पांढऱ्या पेशी, त्यांच्या मागून मोठ्या भक्षक पेशी. काही पेशी लशीतला तुकडा तोंडात धरल्यासारखा धरून जवळच्या लसिका ग्रंथीकडे (लिम्फ नोड) निघतात. मानेवर लस दिली तर ही ग्रंथी म्हणजे खांद्याच्या अगदी पुढची. मेंढीचं डोकं थोडं वळवून, खांद्याच्या हाडापुढे बोटं आत रोवली की लांबट बदामासारखी लागते. लस दिल्यावर दोन-चार दिवसांनी तीही फुगते. म्हणजे गाठी दोन असतात. लोकांना दिसते ती टोचलेल्या जागची. खरा कारखाना चालू असतो तो खांद्यापुढे.

त्या कारखान्यात काय चालतं, हे जगाला बऱ्याच अंशी मेंढीनेच दाखवलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला बीड मॉरिस नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या लसिका ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या वाहिनीत बारीक नळी बसवली. मेंढी उभी राहून आपली चरतेय आणि नळीतून थेंबथेंब द्रव बाटलीत पडतोय, असं दिवसचे दिवस. परका पदार्थ टोचला की आधी त्या थेंबांतल्या पेशी कमी होतात. ग्रंथी जणू बाहेरचं दार लावून घेते. लोकल रखडली की दादरच्या पुलावर माणसं चढतच राहतात, उतरत कुणीच नाही, तशी आत गर्दी साचते. म्हणून ती फुगते. मग दार उघडतं, आणि चार-पाच दिवसांनी नव्याने तयार झालेल्या मोठाल्या पेशींचा लोंढा बाहेर पडतो. तिथून पुढे अँटिबॉडी. आधी घाईची, ढोबळ कामाची. दुसऱ्या आठवड्यापासून नेमकी आणि टिकाऊ. आमच्याकडे एक डॉक्टर होते, ते हे सांगताना टेबलावर बोटाने नळी काढून दाखवायचे. चहाच्या कपाचा ओला डाग म्हणजे ग्रंथी.

धनगराला मी दादरचा पूल नाही सांगितला. त्याला म्हटलं, "बाजारात जनावरं आत घ्यायची आणि गेट बंद करायचं, तसं." तो लगेच "हां, देवनारला करत्यात तसं," म्हणाला. देवनारचं मला सुचलं नव्हतं.

आता गाठ. सगळ्याच लशींची गाठ येत नाही, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. पीपीआरची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीची लस जिवंत असते. रोगाचा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या पेशींवर वाढवून निस्तेज केलेला. एक सीसी कातडीखाली गेला की तो स्वतःच थोडा वाढतो आणि शरीराला जागं करतो. त्याला मदतीची गरज नसते. एखाद दिवस कणकण, बाकी मानेला हात लावला तर काही लागत नाही. आणि हीच लस मेंढीला काही वर्षं पुरते. उलट आंत्रविषाराची लस बघा. पहिल्या पावसाचं कोवळं गवत मनसोक्त खाल्लं की मेंढीच्या आतड्यातलाच एक जंतू बेसुमार वाढून विष सोडतो. संध्याकाळी धडधाकट असलेली मेंढी सकाळी पाय ताणून पडलेली सापडते. त्याची लस म्हणजे तेच विष, नांगी मोडलेलं. ते बिचारं वाढत नाही, पसरत नाही. नुसतं टोचलं तर शरीर फारशी दखलही घेत नाही. म्हणून त्याच्यासोबत दवंडी पिटणारा एक सोबती द्यावा लागतो. आपल्या ओळखीतला सोबती म्हणजे तुरटी.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात आई तुरटीचा खडा फिरवायची, आठवतंय? गाळ गोळा होऊन खाली बसतो. लशीत तेच. 1926 मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटसर्पाच्या (माणसांचा डिप्थेरिया) निर्विष केलेल्या विषात तुरटी घालून ते असंच खाली बसवलं आणि तो साका टोचला, तर अँटिबॉडी कितीतरी जास्त मिळाल्या. साका कातडीखाली पडून राहतो, भक्षक पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, दिवसेंदिवस तुकडे नेत राहतात. आणि तो साका अधिक त्याच्याभोवतीची गर्दी, हीच ती गाठ.

त्याच्याही आधीची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये गास्ताँ रामाँ घोड्यांना घटसर्पाचं निर्विष केलेलं विष टोचून त्यांच्या रक्तातून औषध काढायचे. त्यांच्या लक्षात आलं की ज्या घोड्याला टोचलेल्या जागी गळू होतं, त्याच्या रक्तात औषधाची ताकद जास्त. मग त्यांनी मुद्दाम जागा चिडवायला विषासोबत काय काय घालून पाहिलं, तर पावाचा चुरा आणि टॅपिओका. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच पीठ! 1925 च्या सुमाराची गोष्ट. एकादशीला खिचडी परतताना मला अजून ते घोडे आठवतात.

तेलातल्या लसी ह्याच्या पुढच्या. खुरकूतची लस आता बहुधा तेलातली असते. तेल हळू विरतं, म्हणून गाठही जास्त दिवस राहते. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या जोन्स रोगावर खनिज तेलातली एक लस देतात, तिच्या गाठी काही मेंढ्यांना महिनोन्‌महिने राहतात. ती चुकून स्वतःच्या बोटात टोचून घेतलेल्या माणसांना तर ऑपरेशनची पाळी येते. आणि तुरटीच्या जातीतलं ॲल्युमिनियम असलेल्या लशींचाही स्पेनमध्ये झारागोझाच्या लोकांनी पाठपुरावा केला. ज्या मेंढ्यांना लस दिली त्यांना गाठी, ज्यांना नुसतं ॲल्युमिनियम दिलं त्यांनाही गाठी, आणि ज्यांना मिठाचं पाणी टोचलं त्यांना नाही. म्हणजे गाठीचा धनी हा मदतनीसच. ती पूर्ण निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती लस "बाद" असल्याची खूण नक्कीच नाही.

धनगराने मध्येच विचारलं, "मंजी गाठ आली तरच लस लागू झाली, आसं ना?"

असंही नाही. पण त्याला हसायचं कारण नाही, कारण आपण सगळे तसंच समजत आलोय. माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल खळगे होते. तिच्या तोंडी "लस टोचली" कधीच नव्हतं, "देवी काढल्या" असंच असायचं. टोचणारा नंतर पुन्हा येऊन बघायचा. फोड धरला असेल तर देवी निघाल्या, नाहीतर पुन्हा टोच. हिंदुस्थानातली पहिली देवीची लस मुंबईतच टोचली, 14 जून 1802 ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला, आणि तिच्या फोडातल्या द्रवावरून पुढच्या लोकांना. तेव्हा फोड हाच पुरावा आणि फोड हीच पुढची बाटली. दोनशे वर्षांची ती सवय जाईल कशी? पण पीपीआरची गाठ न आलेली मेंढी सुरक्षित असते, आणि भली मोठी गाठ आलेली मेंढी सुरक्षित असेलच असं नाही. कारण गाठ सुईचीही असू शकते.

हे मी खात्रीने सांगते, कारण तसल्या गाठी मी स्वतः करून ठेवल्या होत्या.

1997 चा जून. आंत्रविषाराची लस खरं तर मे महिन्यात द्यायची, पण पुरवठा उशिरा झाला आणि तोवर पाऊस लागला. शेडीचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता, मेंढ्यांची लोकर ओली, त्यावर लेंड्यांचा चिखल. संध्याकाळचे चार, मला पावणेपाचची बदलापूर फास्ट पकडायची. काचेची दहा सीसीची सिरिंज, उकळलेल्या सुया ट्रेमध्ये. ट्रेमध्ये सुया बारा होत्या. मी एकच वापरली. एका भरणीत पाच मेंढ्या व्हायच्या, दोन-दोन सीसी. पाच झाल्या, तीच सुई पुन्हा बाटलीच्या रबरी बुचात खुपसली, सिरिंज भरली, पुढच्या पाच, आणि शेवटच्या एकीसाठी परत तेच. मामा म्हणाले होते, "बाई, सुई बदला." मी म्हटलं, "मामा, गाडी जाईल." गाडी मिळाली. बसायला जागासुद्धा मिळाली.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यांच्याच मानेला गरम, पसरट सूज. ठीकच होतं. नंतर काहींची सूज आकसून टणक गोळी झाली, कातडीखाली बोटाने सरकणारी. तेही ठीक. पण आठव्या-नवव्या दिवशी चार मेंढ्यांची गाठ लहान व्हायची सोडून मोठी व्हायला लागली. लिंबाएवढी, मग मोसंबीएवढी. मधोमध मऊ. वरची लोकर हाताला गळून यायची, खालची कातडी पातळ, चकचकीत. एकीला आम्ही सरपंचीण म्हणायचो, कारण गव्हाणीवर तिच्या आधी कुणी तोंड घालू शकत नसे. ती मान वाकडी धरून कोपऱ्यात उभी राहिली आणि खाण्यावर शेवटी आली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

साहेबांनी बघितलं आणि तिथल्या तिथे मेमो लिहिला: लशीचा घाण माल पुरवला गेला, सबब पुरवठादारावर कारवाई व्हावी. बाटलीतली उरलेली लस फ्रीजमध्ये होती. ती मीच बशीवर पसरली. आमच्याच मेंढ्यांच्या रक्ताच्या बशीवर. दुसऱ्या दिवशी बशी कोरी. तिसऱ्या दिवशीही कोरी. गळवातला पू मात्र रात्रीतूनच उगवला: सोनेरी ठिपके, भोवती रक्त विरघळून झालेली पांढुरकी कडी. कातडीवरचा नेहमीचाच जंतू.

बाटली निर्दोष. मग पू आला कुठून?

उत्तर रजिस्टरमध्ये होतं, माझ्याच अक्षरात. मी कानातले बिल्ले बघून टोचण्याच्या क्रमाने नंबर लिहायची. पहिल्या पाचांत गळू एकही नाही. नंतरच्या सहांत चार. म्हणजे बुचातून सुई दुसऱ्यांदा आत गेली, तिथून पुढे. पाच ओल्या लोकरींतून गेलेली सुई मी बाटलीत बुडवली होती. बाटलीत जंतू मारायला थोडं औषध घातलेलं असतं, म्हणून आठवडाभराने बशी कोरी आली. पण ते औषध सावकाश काम करतं. सहाव्या मेंढीपासून अकराव्या मेंढीपर्यंत मला लागली असतील फार तर दहा मिनिटं. तेवढ्यात ते काय करणार?

मी रजिस्टर घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आता लिहिलंय ते लिहिलंय," म्हणाले. मेमो तसाच वर गेला. त्या मेमोची लाज मला साहेबांपेक्षा जास्त वाटत आली आहे.

गळवं मामांनी आणि मी फोडली. खाली वर्तमानपत्र, त्यावर जुनी चादर, पू एक थेंबही जमिनीवर पडू द्यायचा नाही, सगळं गोळा करून जाळायचं. आयोडीनने धुवायचं, माशा बसू नयेत म्हणून मलम. सहा आठवडे त्या चौघींचं रक्त घेता आलं नाही. आजूबाजूच्या दवाखान्यांना बशा कमी पडल्या, फोन आले, मी "पावसामुळे" म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

ते टेबलावर नळी काढणारे डॉक्टर, त्यांनी मला त्या दिवशी चहा पाजला आणि मुलकोवालची गोष्ट सांगितली. आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर हाफकिन इन्स्टिट्यूट. हाफकिनने 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, आणि ती लस लाखोंना गेली. मग 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेले लोक ठणठणीत होते. हाफकिनला कामावरून दूर केलं. परळच्या प्रयोगशाळेत बाटलीत घाण गेली, असं एक मत. दुसरं मत असं, की तिथे गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढलं. रोनाल्ड रॉससारखे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले तेव्हा कुठे 1907 मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. "बाई, तिथे एक चिमटा होता, इथे एक सुई," डॉक्टर म्हणाले. मी चहा अर्धाच प्याले.

दुसऱ्या दिवसापासून बाटलीच्या बुचात एक सुई कायमची रोवलेली, ती फक्त लस काढायला. टोचायला प्रत्येक मेंढीला वेगळी. ओली मेंढी परत शेडीत, सुकल्यावर ये. सुयांच्या खर्चावरून स्टोअरवाल्याशी वर्षभर भांडण चाललं ते वेगळंच.

गाठीचा आणखी एक प्रकार राहिला, तो माझ्याच दंडावर निघाला होता. लॅबमध्ये काच लागली, मेंढीने शिंग मारलं, पत्रा कापला, की कुणीतरी म्हणायचंच, "जा, टीटी घेऊन ये." तीन वर्षांत मी धनुर्वाताची चार इंजेक्शनं घेतली. चौथ्याला संध्याकाळपर्यंत दंड कोपरापासून खांद्यापर्यंत लाल, टम्म. अंगात अँटिबॉडी आधीच भरपूर. नवा माल आला की त्या तिथल्या तिथेच त्याच्यावर तुटून पडतात, आणि चिडते ती आपलीच रक्तवाहिनी. आर्थस नावाच्या फ्रेंच माणसाने 1903 मध्ये सशांना पुन्हापुन्हा घोड्याचं सीरम टोचून हे दाखवलं होतं. मेंढ्यांनाही दुसऱ्या डोसाची सूज लवकर येते, ती ह्याच्याच चुलत घराण्यातली. दुसऱ्या दिवशी दंड ह्यांना दाखवला तर म्हणाले, "लस बाद असेल." घरात बत्तीस वर्षं ऐकूनसुद्धा!

असो. टिटवाळ्याला त्याच्या वीसेक मेंढ्यांच्या माना मी चाचपल्या. बहुतेकींची गाठ टणक, थंड, सरकणारी. दोघी लंगडत होत्या, कारण त्यांना घाईत मांडीत टोचलं होतं. त्याला म्हटलं, मांडीत देऊ द्यायचं नाही, जनावर लंगडतं आणि खाटीक तो भाग काढून टाकतो, तुझाच भाव पडतो. भावाचं त्याला पटकन पटलं. एका मेंढीची गाठ मात्र मला आवडली नाही. कोमट होती, आणि मध्यभागी बोट किंचित आत जात होतं. त्या मेंढीच्या शिंगावर त्याने गेरूचा टिळा लावला. "हिला आठ दिवस वेगळं बघ," म्हटलं.

त्याची बायको तोवर जवळ येऊन बसली होती. तिचा प्रश्न वेगळा. "गाभणीला लस देऊ नगा म्हनत्यात. खरं का?" मी म्हटलं, काही जिवंत लसी सोडल्या तर धसमुसळेपणाने उलटीपालटी करू नका, एवढंच खरं. मेंढीची वार मोठी कंजूष असते. बाईच्या पोटातल्या बाळाला आईच्या अँटिबॉडी वारेतून मिळतात, कोकराला मिळत नाहीत. कोकरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच, कारण नंतर त्याचं आतडं ते आत घेत नाही. म्हणून आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी आईला दिली, तर मानेला गाठ आईच्या आणि फायदा कोकराला. ती हसली. म्हणाली, "आईचं आसंच आसतंय." मग पितळीत चहा आणला, मेंढीच्या दुधाचा, दाट, साखर भरपूर. ह्यांनी घड्याळ बघायचं सोडून दुसरा मागितला.

नंबर त्याने घेतला होता. दहाव्या दिवशी फोन आला, मी भाजी निवडत होते.

"ताई, समद्यांच्या गाठी बसल्या. टिळ्यावालीची फुटली काल."

"पू जमिनीवर पडला?"

"न्हाई. तुमी म्हनलात तसं, फडक्यात धरून जाळला." मग जरा थांबला. "ताई, त्या दिशी डाक्टरला मीच म्हनलो हुतो, बिगीबिगी उरका, आमाला फुडं जायाचंय."

मी म्हटलं, "किती मेंढ्यांना एक सुई वापरली?"

"म्या मोजलं न्हाई," तो म्हणाला. "फुडच्या वक्ताला मोजतो."